ओली खूण

दवाखान्याची गाठोडी परत आली तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी बाबांनी माझ्यादेखत पहिल्यांदा कुणाची तरी माफी मागितली.

दवाखान्याच्या कोठारबाबूने गाठोडं दारातच सोडलं. वरची चादर ओढून काढली, झटकली आणि खिडकीच्या उजेडात धरली. आम्ही तिघं, म्हणजे बाबा, आई आणि मी, बाहेर पायरीवर उभे होतो. आत यायची आम्हाला मनाई नव्हती, पण कुणी या असंही कधी म्हटलं नव्हतं.

"हे काय? चहात बुडवून आणल्यात का?"

"पाणी बदललंय साहेब," बाबा म्हणाले. "वरच्या अंगाला कातड्याचा कारखाना येतोय. नुसते चार हौद सुरू केलेत अजून, तरी पाणी असं..."

"मग पेशंटला सांगू का, पाणी बदललंय, पिवळ्यावरच झोपा?"

आत दोन नर्सा हसल्या. बाबांनी मान खाली घातली. "चुकलं साहेब. परत धुऊन देतो."

साठ चादरी होत्या. आम्ही त्या परत काठावर आणल्या, परत भट्टीवर चढवल्या, सोडा वाढवला, निळीचं बोट जरा जास्त दिलं. संध्याकाळी दोरीवर घातल्या तेव्हा त्या पांढऱ्या दिसल्या. सकाळी उन्हात पुन्हा पिवळ्या.

आमची वस्ती धुणाऱ्यांची. चाळीस घरं, नदीच्या वळणावर. प्रत्येक घराचा दगड ठरलेला, दोऱ्या ठरलेल्या, भट्टीचा दिवसही ठरलेला. गावातले दोन दवाखाने, एक वसतिगृह, स्टेशनजवळची खानावळ आणि बरीचशी घरं आमच्या काठावर यायची. हजारो कपडे, पण एकाचं दुसऱ्याकडे गेलंय असं होत नसे. कारण खुणा. प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात त्या त्या गिऱ्हाइकाची खूण. कुठे दोन टिंबं, कुठे आडवी रेघ, कुठे पक्ष्याचा पाय. काळी, उग्र वासाची शाई असे, काडीने लावायची. हे काम प्रत्येक घरात एकाच बाईचं. हात दोन झाले की खुणा बदलतात, म्हणून. आमच्या घरी आई घालायची. तिला अक्षर एक येत नव्हतं, पण चारशे खुणा ती झोपेत ओळखत असे.

घडी मात्र सगळ्यांना यायची. पाच वर्षांच्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत. दोघांनी चादरीची दोन टोकं धरायची, ताणायची, आणि एकमेकांकडे चालत जायचं. टोकाला टोक. चांगली बाजू आत, म्हणजे धूळ लागत नाही. मग तळहाताच्या गादीने दाबून धार काढायची. आमच्या घडीची धार अशी असे की खानावळीचा मालक म्हणायचा, तुमच्या चादरीने दाढी होईल.

त्या उन्हाळ्यात ही सगळी वस्ती हातची जाणार अशी वेळ आली होती. कारखान्याचे चार हौद चाळीस होणार होते. मोठी परवानगी राजधानीत अडकलेली होती आणि ती सोडवून आणायचा शब्द आमच्या खासदाराने दिला होता. खासदार पेशाने वकील. सगळे त्याला वकीलच म्हणायचे. कारखाना त्याच्या मेव्हण्याचा. निवडणूक झाली की महिन्याभरात कागदावर सही होईल, असं खुद्द कारखान्याचा पहारेकरी आमच्या दगडांवर बसून सांगून गेला होता.

मग एके दिवशी मेट्रनबाई आल्या.

त्या मोठ्या दवाखान्यातल्या. नुकत्याच निवृत्त झालेल्या. तीस वर्षं आमच्याच चादरी त्यांच्या हाताखालून गेलेल्या, त्यामुळे त्यांना आम्ही नावानिशी माहीत. उपड्या टोपावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी उभी राहिलेय."

"बसलाय की," आत्या म्हणाली, आणि सगळा काठ हसला.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, आमच्या शेजारच्या खोलीत एकटी राहायची. तोंडाला लगाम नाही. वकिलाच्या घरचे कपडे तिच्याकडे होते, म्हणून वस्ती तिला चिडवायची, आणि ती म्हणायची, "त्याचे लेंगे मी आपटते. तुमच्यापैकी कुणी आपटलंय का त्याला?"

मेट्रनबाई हसल्या नाहीत. त्या सरळ मुद्द्यावर आल्या. "आपल्या मतदारसंघात पाच जण उभे आहेत. ज्याला एक मत जास्त, तो खासदार. निम्म्याहून जास्त लागतात असं काही नाही. मागच्या वेळी वकिलाला शंभरातली अडतीस मतं पडली. उरलेली बासष्ट बाकीच्यांत वाटली गेली."

"म्हणजे बासष्ट जणांना नकोय तो माणूस शंभरांच्या बोकांडी?" बाबांनी विचारलं.

"कायदा तसाच आहे."

"झकास कायदा आहे."

"मागच्या वेळी तो सहाशे मतांनी आला. तुमच्या वस्तीत मतं किती?"

मी सांगितलं, "तीनशे बारा." मतदारयादी मीच उतरवून आणली होती. वस्तीत आठवीपर्यंत शिकलेली मी एकटीच. मला तेव्हा बाविसावं चालू होतं, आणि ते माझंही पहिलंच मत असणार होतं.

"मागच्या वेळी त्यातले किती गेले होते?"

चाळीसही गेले नसतील. धुण्याचा दिवस बुडतो.

"तुमची तीनशे माणसं कुणाकडून फोडायची नाहीत, फक्त घराबाहेर काढायची आहेत; उरलेली मी स्टेशनच्या भागातून आणीन," मेट्रनबाई म्हणाल्या. "मी निवडून आले तर कारखाना तुमच्या खालच्या अंगाला जाईल. बंद करीन असं म्हणत नाही. मला खोटं बोलता येत नाही."

त्या गेल्यावर बाबांनी दगडावरची चादर पिळली. मग म्हणाले, "बाई खरं बोलते. म्हणजे पडणार."

पण त्या दिवसापासून वस्तीचं बोलणं बदललं. कपडे आपटताना, पिळताना, दोरी बांधताना एकच विषय. पिळायला दोघं समोरासमोर उभे राहायचे आणि चादर पिळता पिळता मतांची बेरीज करायचे. वरच्या खेड्यांत वकिलाचा जोर, स्टेशनच्या भागात मेट्रनबाईंचा, बाजारात मिठाईवाला उभा होता तो थोडी खाणार. मला ते सगळं फार आवडायचं. आजही त्या उन्हाळ्याची आठवण आली की आधी ते बोलणंच कानात येतं, आपटण्याच्या ठेक्यात तुटक तुटक आलेलं. पुढचं नंतर.

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात वकिलाची माणसं कांबळी वाटायला आली. उन्हाळ्यात कांबळी. घरटी एक. वस्ती माझ्याकडे बघायला लागली.

"घ्या," मी म्हणाले. "शिक्का पडद्याआड मारायचा असतो. कागदावर आपलं नाव नसतं. कुणी कुणाला दिलं ते देवालासुद्धा कळत नाही."

"मग दोन घेते," आत्या म्हणाली आणि खरंच दोन घेतली. "एक पांघरायला, एक त्याच्या नावाने जाळायला." वाटणाऱ्या माणसाने तिला ओळखलं. "तुम्ही तर आमच्या घरच्याच," असं तो मोठ्याने म्हणाला. ते सगळ्यांनी ऐकलं.

मेट्रनबाईंच्या माणसाने मला एक छापील पत्रक दिलं होतं, मत कसं द्यायचं ते सांगणारं. पाच चित्रं आणि प्रत्येकाखाली एक-दोन ओळी. मतदानाच्या आदल्या दुपारी मी सगळ्यांना वाळवणाच्या मैदानात जमवलं. जमिनीवर काडीने पाच घरं काढली, एकाखाली एक. पहिल्यात छत्री, दुसऱ्यात शिडी, तिसऱ्यात कुलूप, चौथ्यात कंदील, पाचव्यात घंटा. शिडी आपली, म्हणजे मेट्रनबाईंची. कंदील वकिलाचा.

"कागद घ्यायचा. पडद्यामागे जायचं. शिक्का उचलायचा आणि शिडीसमोरच्या घरात एकदाच मारायचा. एकदाच. रेघेवर नाही. दोनदा मारला तर मत बाद."

"जोरात मारायचा की हळू?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"बायकोला विचारा," मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

मी चौथ्या चित्राशी आले. चित्रात एक हात कागदाची घडी घालत होता. खाली बारीक टाइपात दीड ओळ होती. उशीर झाला होता, वाळलेले कपडे उचलायचे होते, आणि लोक हसत होते. ते माझ्यावर खूश होते, तेही मला कळत होतं. मी पत्रक वर धरलं आणि म्हणाले, "आणि मग घडी. आता आपल्याला घडी घालायला कुणी शिकवायची गरज आहे का?"

केवढ्याने हसले सगळे. बाबासुद्धा. मी ते पत्रकच टोकाला टोक लावून, चांगली बाजू आत घालून घडी केलं, तळहाताने धार काढली आणि पाचवं चित्र सांगितलं, कागद पेटीत टाकायचा.

ती दीड ओळ मी वाचली नाही.

मतदान शाळेत होतं. आम्ही सकाळी भट्टी न लावता निघालो. तीनशे बारा नावांपैकी तीनशे एक माणसं गेली. उरलेल्यांत दोन मेलेली होती, हेही मला आठवतं, कारण आत्या म्हणाली होती, "तेवढे दोघं सोडले तर बाकीच्यांना कारण नाही." एका म्हातारीला तिच्या मुलांनी खुर्चीत घालून आणलं. रांग शाळेच्या भिंतीला वळसा घालून विहिरीपर्यंत गेली होती. ऊन डोक्यावर होतं. वकिलाची माणसं समोरच्या झाडाखाली बसून रांग मोजत होती आणि त्यांचे चेहरे पडत चालले होते. तसं सुख मी आयुष्यात पुन्हा फार वेळा पाहिलेलं नाही.

आत टेबलाशी बोटाला शाई लावत. मग अधिकारी कागद फाडून द्यायचा, आणि देण्याआधी त्याची एकदा उभी, मग आडवी घडी घालून उलगडून द्यायचा, चुण्या दिसाव्यात म्हणून. घाईघाईची, वाकडी घडी. बाबा बाहेर आल्यावर म्हणाले, "साहेब कसा शिकलेला? कागद दुमडता येत नाही. मी मोडून नीट घातली."

"मी पण," त्यांच्या मागचा म्हणाला.

मीसुद्धा. मलाही ती वाकडी चुणी बघवली नव्हती. मी शिक्का मारला, कागद टोकाला टोक घातला, दाबून धार काढली. पेटीच्या फटीतून तो अलगद आत गेला.

आई पडद्यामागे गेली ती येईचना. अधिकारी ओरडला, "बाई, झोपलात का आत?" रांगेतले हसले. ती सावकाश बाहेर आली, कागद दोन बोटांत धरून, ओठांचा चंबू केलेला. तिला शिक्का सापडत नसेल, असं मला वाटलं. थोडी लाजही वाटली मला तिची.

आमचे हात सोड्याच्या पाण्यातले. बोटाची शाई दोन दिवसांत गेली. मोजणी तिसऱ्या दिवशी होती.

मोजणीच्या टेबलाशी प्रत्येक उमेदवाराचा एक माणूस बसू शकतो. मेट्रनबाईंनी आमच्या पेटीपुरती मला बसवलं. मोठं सभागृह, लांब टेबलं, मध्ये जाळी. जाळीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे मोजणारे. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. माझ्या शेजारी चष्मेवाला मास्तर होता, मेट्रनबाईंचा मुख्य माणूस. तोवरच्या सगळ्या पेट्यांची बेरीज त्याच्या मांडीवरच्या वहीत होती. वकील दोनशे नऊ मतांनी पुढे होता, आणि आमची पेटी शेवटच्या तीन पेट्यांत होती. उरलेल्या दोन पेट्या बाजाराच्या होत्या, अर्ध्या अर्ध्या वाटल्या जाणाऱ्या. म्हणजे सगळं आमच्यावर होतं.

"तीनशे एक," मास्तर माझ्या कानाशी म्हणाला. "अडीचशे जरी शिडीची धरली..."

"अडीचशे नाही," मी म्हणाले. "सगळी."

पेटी उलटी केली. कागद टेबलावर पडले, आणि मला त्यांचा अभिमान वाटला. बाकीच्या पेट्यांतले कागद चुरगळलेले, वेडेवाकडे. आमचे सगळे एकसारखे, धार काढलेले, जणू एकाच कपाटातून आलेले. मोजणारी बाई म्हणाली, "अगंबाई, हे कुणी दुमडले?"

तिने पहिला उघडला. बघितला. उजेडात धरला, अगदी कोठारबाबूने चादर धरली होती तसा. आणि कडेच्या तबकात टाकला. ते तबक बाद मतांचं होतं.

दुसरा उघडला. त्याच तबकात. तिसरा, चौथा, तिथेच.

मी जाळीला नाक लावलं. कागदावर शिडीसमोर गोल शिक्का होता, गडद. आणि कंदिलासमोर आणखी एक. फिकट.

दुसरं घर आणि चौथं घर. कागद मधोमध दुमडला की एक दुसऱ्यावर बसतं. वर तळहाताने दाबून धार काढली की मग विचारायलाच नको.

"साहेब!" मी ओरडले. "तो छाप आहे! घडीचा छाप उमटलाय!"

अधिकारी आला. माणूस वाईट नव्हता. त्याने चार कागद हातात घेतले, शांतपणे पाहिले. "छाप असेलही. पण शिक्का गोल आहे, बाई. उलटा छापला तरी गोलच. हा छाप की हलक्या हाताने मारलेला दुसरा शिक्का, मी कसं सांगू?"

"फिकट आहे ना पण."

"काही ठिकाणी फिकट आहे. हा बघा, हा जवळजवळ सारखाच आहे. फिकट म्हणजे किती फिकट, ते नियमात लिहिलेलं नाही. दोन घरांत खूण असेल तर बाद, एवढंच लिहिलंय. म्हणून तर उभी घडी आधी घालायला सांगतो आम्ही. उभी घातली की छाप नावावर पडतो, दुसऱ्याच्या घरात पडत नाही. पत्रकातही छापलंय."

वकिलाचा माणूस माझ्या पलीकडे बसला होता. तो खुर्चीत मागे टेकला.

दोनशे चोपन्न कागद बाद झाले. शिडीची चांगली मतं निघाली अडतीस. बाकीची नऊ इकडे तिकडे. मास्तरने फेरमोजणी मागितली. झाली. आकडा तोच. बाजाराच्या पेट्या मोजून वकील एकशे एक्काहत्तर मतांनी आला.

मास्तरने वही मिटली. "वस्तीत कुणी शिकवलं?"

"मी."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे बोलू नकोस तिथे जाऊन. बाद झाली म्हण, बस. आपल्याच हाताने घालवलं असं कळलं तर पुढच्या वेळी एक माणूस घराबाहेर पडायचा नाही."

मी ते ऐकलं. मला ते हवंच होतं.

काठावर सगळे वाट बघत होते. मी सांगितलं, आपले कागद बाद झाले. दोन दोन शिक्के निघाले. एवढंच सांगितलं. घरात गेल्यावर आईने पाणी दिलं आणि विचारलं, "दोन शिक्के कसे असतील गं?" मी थकले होते. म्हणाले, "होते. एक गडद, एक फिकट." तिने तांब्या माझ्या हातातून काढून घेतला आणि बाहेर गेली. पुढे काही विचारलं नाही.

बाहेर मात्र विचारणं सुरू झालं होतं. दोन शिक्के म्हणजे दोघांनाही दिलं. म्हणजे कांबळ्याला जागणारं कुणीतरी वस्तीत आहे. एक नाही, अडीचशे? मग कुणीतरी शिकवलं असणार, एक शिक्का इथे मार, एक तिथे मार, दोघंही खूश. कोण शिकवेल? वकिलाच्या घरात कोण जातं? दोन कांबळी कुणी घेतली? कुणाला तो घरचीच म्हणाला?

आत्या पहिले दोन दिवस हसली. "मी अडीचशे माणसांचे हात धरून शिक्के मारले होय? एवढी अक्कल असती तर मीच उभी राहिले असते." तिसऱ्या दिवशी तिच्या दगडावर कुणीतरी शेण फासलं. तिच्या दोऱ्या कापल्या. भट्टीचा तिचा दिवस दुसऱ्याला दिला. ती बाबांकडे आली. बाबा दोरीला गाठ मारत होते, त्यांनी मान वर केली नाही.

"दादा, तू तरी म्हण."

"मी काय म्हणू? मी माझा शिक्का एकदाच मारला."

"मग मीही एकदाच मारला!"

"सगळे तेच म्हणतात," बाबा म्हणाले.

मी तिथेच होते. हातात ओल्या चादरीचा पिळा होता. एक वाक्य बोलायचं होतं. मी पिळा घट्ट केला, पाणी गळेपर्यंत, मग गळायचं थांबेपर्यंत.

ती एका पहाटे गेली. गाठोडं एकच, डोक्यावर. कुठे कुणाच्या तरी घरी भांडी घासायला राहिली, असं कळलं. ती दोन कांबळी तिच्या खोलीत घडी घालून ठेवलेली होती, टोकाला टोक.

सही महिन्यात झाली. हौद चाळीस झाले. मेट्रनबाईंना कोर्टात जायला लोकांनी सांगितलं, पण त्या आजारी पडल्या आणि त्याच दवाखान्यात, बाहेरून आणलेल्या चादरींवर गेल्या. आमच्याकडचे दवाखाने सुटले, वसतिगृह सुटलं, मग घरंही. पाण्याने हातांची सालं निघायला लागली. कुणी स्टेशनवर हमाली धरली, कुणी त्याच कारखान्यात कातडी खरवडायला गेलं. बाबाही गेले. घरी आले की दारातच थांबायचे, वास जाईपर्यंत. वास जात नसे.

पुढच्या निवडणुकीत मी घरोघर जाऊन उभी घडी शिकवली. शंभर माणसंही उरली नव्हती. वकील बारा हजारांनी आला.

आणि आता शेवटचं. बाबा गेल्यावर मी आईला माझ्या घरी आणलं. शहरात, नळाचं पाणी. तिची बोटं तेव्हा वाकडी झाली होती, तरी चादरीची घडी मला एकटीला घालू देत नसे. एक टोक ती धरायची, एक मी. त्या दुपारी रेडिओवर निवडणुकीचे आकडे लागले होते. आम्ही चादर ताणून उभ्या होतो. ती अचानक म्हणाली, "माझं मत चांगलं निघालं होतं ना गं?"

"कुठलं?"

"तेव्हाचं. मी वाळू दिलं होतं. फुंकर घातली, हलवलं, बोट लावून बघितलं. तो साहेब ओरडला तरी. ओल्या खुणेची घडी घालत नाही मी. तू म्हणालीस ना, एक गडद, एक फिकट. मला तेव्हाच कळलं."

चादर माझ्या हातात सैल पडली.

"मग बोलली का नाहीस?"

"आधी बोलायला हवं होतं. मैदानात. तू कागद हातात घेऊन सांगत होतीस, मला वाटलं, शिकलेली आहे, सगळं वाचूनच सांगत असेल." तिने आपलं टोक बोटांत नीट धरलं. "नंतर बोलले असते तर तुझ्या दगडावर शेण फासलं असतं. वन्संना नवरा नाही, मूल नाही. मला तू एकच होतीस."

रेडिओवर कुणीतरी शंभर मतांनी पुढे होतं. मी मनात दुसरीच मोजणी करत होते. चाळीस घरं. घरटी खुणा घालणारी एक बाई. वाळल्याशिवाय न दुमडणारे हात चाळीस, आणि त्या पेटीतून चांगले निघालेले कागद अडतीस. इतकी वर्षं मी कधी विचारच केला नव्हता की ते अडतीस कुणाचे.

आत्या एकटी राहायची. तिच्या घरच्या खुणा तीच घालायची.

"कोपरा धर," आई म्हणाली. "आणि ताण. धार येत नाही अशाने."

मी कोपरा धरला. आम्ही एकमेकींकडे चालत आलो.